बॅगेवर स्वार होण्याआधी

शमा, तू पाठवलेले सगळे व्हिडिओ पाहिले. ती पोनीटेलवाली मुलगी मोटरच्या बॅगेवर बसून विमानतळाच्या फरशीवरून सुळकन जाते, वळणावर हात हलवते, मागे ट्रॉली ढकलणारी माणसं तोंडाकडे बघत राहतात. मजा वाटते बघायला, खोटं कशाला बोलू! आणि खाली तुझा मेसेज : ‘ताई, घेऊ का? आईला बसवता येईल, ओवीला बसवता येईल, सामानही जाईल.’ एका बॅगेच्या गळ्यात तू तीन कामं घातलीस, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. फोनवर घाईघाईत ‘नको गं’ म्हटलं असतं तर तू रुसली असतीस आणि गुपचूप ऑर्डर करून मोकळी झाली असतीस. तुला ओळखते ना मी! म्हणून जरा बैजवार लिहितेय. चहा घे आणि वाच.

तुला माहीतच आहे, तिकिटांच्या धंद्यात माझा जन्म चाललाय. लोक तिकीट काढताना जेवढं विचारत नाहीत, तेवढं बॅगेबद्दल विचारतात. हल्ली या बसायच्या बॅगेबद्दल विचारणारेही येतात. तेव्हा जे त्यांना सांगते, तेच तुला सांगते. तुला जरा जास्त मोकळेपणानं, एवढाच फरक.

आधी त्या बॅगेची कुंडली ऐक. २०१४ साली चीनच्या हुनान प्रांतातला हे लियांगत्साय नावाचा शेतकरी बातम्यांमध्ये झळकला होता. दहा वर्षं खटपट करून त्यानं बॅगेलाच मोटर, हँडल आणि चाकं बसवली, आणि तिच्यावर बसून चांगशा शहरातून स्टेशनवर गेला. रेल्वे स्टेशनवर, बरं का! विमानतळावर नव्हे. पुढे २०१६ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या एका कंपनीनं ‘मोडोबॅग’ काढली, मग चीनच्या ‘एअरव्हील’च्या बॅगा आल्या. पॅरिस हिल्टनपासून आपल्या शिल्पा शेट्टीपर्यंत नट्या त्यांवर दिसल्या आणि रील्सचा पूर आला. मोडोबॅगचे आकडे सांगते, म्हणजे तुला अंदाज येईल : वेग ताशी साधारण १३ किलोमीटर, एकदा चार्ज केली की दहाएक किलोमीटर धाव, आणि वजन ८.६ किलो.

वेगावर भाळू नकोस, वजन पुन्हा वाच. ८.६ किलो, तेही रिकामी असताना. मोटर, बॅटरी, माणसाचा भार पेलणारा सांगाडा, हे सगळं बॅगेच्या पोटातच जातं, त्यामुळे आत जागाही बेताचीच. आपल्याकडे देशांतर्गत विमानात केबिन बॅगेला बहुतेक कंपन्या ७ किलो देतात. म्हणजे एक रुमालही न ठेवता तू दीड किलोनं जास्त. तुम्ही जाताय त्या जपानच्या दोन मोठ्या कंपन्या १० किलो देतात, पण त्यात खांद्यावरची पर्सही धरलेली असते. उरलेल्या दीड किलोत तुझ्या लेकीच्या, ओवीच्या कपड्यांचे दोन जोड आणि आईचा गोळ्यांचा डबा ठेवलास की संपलं. मेतकूट आणि गोडा मसाला घरीच!

मग ही बॅग जाणार कुठे? चेक-इनमध्ये, विमानाच्या पोटात. आणि खरी गोम तिथं आहे.

विमानाच्या पोटात बॅटरीसकट ही बॅग जात नाही. जगभरातल्या विमान कंपन्या पाळतात तो नियम असा : बॅगेत बसवलेली लिथियम बॅटरी २.७ वॅट-अवरपेक्षा मोठी असेल, तर ती काढता येणारी हवी. २.७ म्हणजे चिमूटभर गं, बॅग कुठं आहे ते सांगणाऱ्या छोट्या ट्रॅकरपुरती. बसायच्या बॅगेची बॅटरी त्याच्या कितीतरी पट मोठी. बॅग चेक-इनला द्यायची तर बॅटरी काढून आपल्याबरोबर केबिनमध्ये न्यायची. आणि बॅटरी निघतच नसेल, तर ती बॅग केबिनमध्येही नाही आणि पोटातही नाही.

हे कंपन्यांचे नखरे नाहीत. लिथियमची बॅटरी आतून बिघडली, दबली किंवा तिच्यात शॉर्ट झालं, की ती तापायला लागते. आतला द्रव ज्वालाग्राही असतो. एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. हे एकदा सुरू झालं की नुसती ज्वाळा विझवून भागत नाही, बॅटरी थंड करावी लागते, आणि त्याला पाणी लागतं. विमानाच्या पोटात आग विझवायला हॅलॉन नावाचा वायू असतो. तो ज्वाळा मारतो, पण तापलेली बॅटरी गार करत नाही. केबिनमध्ये मात्र माणसं असतात, वास येतो, धूर दिसतो, पाणी हाताशी असतं.

दोन घटना शेजारी ठेवून बघ. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या मालवाहू बोइंग ७४७ मध्ये मालाला आग लागली. त्या मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. वैमानिक दुबईला परत फिरले, पण धुरानं कॉकपिट भरलं. दोघेही गेले. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात एका प्रवाशाच्या समोरच्या सीटच्या खिशात पॉवर बँकनं पेट घेतला. विमान अजून धावपट्टीकडे चाललं होतं. कर्मचाऱ्यांनी काही सेकंदांत आग विझवली, सगळे सुखरूप. वस्तू एकाच जातीची, पण एक डोळ्यांसमोर होती आणि दुसरी डोळ्यांआड. नियमाचा सगळा अर्थ एवढाच आहे.

आता काउंटरवर काय होतं ते सांगते. मुंबईच्या टर्मिनल २ ला मी कुणाला तरी सोडायला आत गेले होते. शेजारच्या रांगेत एक मुलगा अशीच बॅग घेऊन ऐटीत आला. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे विचारलं, “सर, बॅटरी काढून दाखवाल का?” त्यानं आधी वरचं झाकण चाचपलं, मग हँडलच्या मुळाशी बघितलं. शेवटी लक्षात आलं, बॅटरी आतल्या अस्तराच्या खाली, चेन असलेल्या कप्प्यात. म्हणजे बॅग उघडणं आलं. वर ठेवलेले शर्ट, त्याखाली फरसाणाचं पाकीट, चार्जरच्या गुंडाळ्या, एकेक करत सगळं फरशीवर. मागची रांग घड्याळाकडे बघतेय. बॅटरी एकदाची निघाली तर त्या मुलीचा पुढचा प्रश्न : “यावर वॅट-अवर कुठं लिहिलेत?” स्टिकर होता, पण घासून पांढरा झालेला. तिनं वरिष्ठांना बोलावलं. आम्ही निघालो तेव्हा तो मुलगा फोनवर बॅगेचं मॅन्युअल शोधत होता. ती मुलगी उद्धट नव्हती की नियमाबाहेर काही मागत नव्हती. फक्त ही तयारी घरी पलंगावर करायची होती, ती त्यानं काउंटरसमोर केली.

आणि ज्या गोष्टीसाठी बॅग घ्यायची, तिचं काय होतं बघ. गाडीतून उतरल्यापासून काउंटरपर्यंत जे काय बसून जाशील तेवढंच. तिथं बॅग दिलीस की ती गेली पट्ट्यावरून आत. खरी पायपीट तर इमिग्रेशन आणि सिक्युरिटी झाल्यावर, गेटकडे जाताना असते. तिथं तुझ्याजवळ बॅग नाही, नुसती तिची बॅटरी आहे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशातली गत.

तरीही मन होत असेल, किंवा तुझ्या नवऱ्यानं, निखिलनं आधीच घेऊन ठेवली असेल – त्याचा काही नेम नाही – तर निदान घेताना काय बघायचं ते ऐक.

पहिली गोष्ट, बॅटरीवरचा आकडा. वॅट-अवर छापलेले असतील तर उत्तम. नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार कर. अशा बॅगेच्या बॅटरीवर २२.२ व्होल्ट आणि ३.३ अँपिअर-अवर लिहिलं असेल, तर झाले ७३.२६ वॅट-अवर. आकडा मिलिअँपिअर-अवरमध्ये असेल, तर आधी हजारानं भागायचं. १०० वॅट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. १६० च्या वर गेलीस तर प्रवासी म्हणून नेताच येत नाही. मोठी बॅटरी म्हणजे जास्त लांब धाव, म्हणून दुकानदार तीच गळ्यात मारेल. तू लहानच माग.

दुसरी गोष्ट, बॅटरी हातानं निघते का, स्क्रू-ड्रायव्हरशिवाय? आणि बॅग भरलेली असताना निघते का? कप्पा बाहेरच्या बाजूला असेल तर सोनं. दुकानात उभं राहून स्वतः दोनदा काढून, घालून बघ. ‘मॅडम, सोपं आहे’ हे ऐकून निघून येऊ नकोस.

तिसरी गोष्ट, खोक्यावर ‘एअरलाइन अप्रूव्हड’ असं मोठ्ठं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नकोस. सगळ्या विमान कंपन्यांनी मिळून बॅगेला मान्यता दिली, असा काही प्रकारच नाही. ज्याचं विमान, त्याचा निर्णय. ‘ब्लूस्मार्ट’ नावाच्या बॅगेचं उदाहरण आहे. लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून निघालेली, फोनला जोडली जाणारी, फार गाजलेली बॅग. पण तिची बॅटरी निघत नव्हती. अमेरिकन, डेल्टा आणि अलास्का या कंपन्यांनी १५ जानेवारी २०१८ पासून न निघणाऱ्या बॅटरीच्या बॅगा बंद केल्या, आणि त्याच वर्षी ब्लूस्मार्टनं गाशा गुंडाळला. ज्यांनी हौसेनं घेतल्या होत्या, त्यांच्याकडे चांगली महागडी बॅग राहिली, पण विमानात न चालणारी.

चौथी गोष्ट, आणि हीच लोक विसरतात. बॅटरी लहान आहे, निघते आहे, तरी कंपनी नाही म्हणू शकते. २०१५ च्या शेवटी हॉव्हरबोर्ड पेटायला लागले, तेव्हा अनेक विमान कंपन्यांनी बॅटरीवर चालणारी छोटी वाहनं सरसकट बंद केली, केबिनमध्येही आणि चेक-इनमध्येही. तुझी बॅग त्यांच्या लेखी ‘स्मार्ट बॅग’ की ‘वाहन’, हे तेच ठरवणार. म्हणून तिकीट काढल्यावर लगेच कंपनीला ईमेल कर : बॅगेचं नाव, मॉडेल, वजन, बॅटरीचे वॅट-अवर, बॅटरी निघते हे, आणि तिच्यावर बसता येतं हेही. ती शेवटची ओळ गाळायचा मोह होईल, गाळू नकोस. लेखी उत्तर आलं की छापून पासपोर्टबरोबर ठेव. मध्ये विमान बदलायचं असेल आणि दुसरी कंपनी असेल, तर तिलाही तेच पत्र. फोनवर कुणी ‘हो मॅडम, चालेल’ म्हटलं, तर काउंटरवर त्याचा काडीचा उपयोग होत नाही.

आणि प्रवासाच्या दिवशी बॅटरी घरूनच काढून ने. टोकांना चिकटपट्टी लाव, किंवा स्वतंत्र पाऊचमध्ये ठेव, म्हणजे किल्ल्या, नाणी लागून शॉर्ट व्हायला नको. सिक्युरिटीला लॅपटॉप, पॉवर बँक ट्रेमध्ये काढून ठेवतेस, तशीच ही. बऱ्याच बॅगांच्या बॅटरीला फोन चार्ज करायचं तोंड असतं, त्यामुळे तिला पॉवर बँकच समज आणि पॉवर बँकचेच नियम पाळ. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसान इथं उड्डाणाआधीच एका विमानाला आग लागली, पॉवर बँकेवर संशय होता. सगळे वाचले, पण विमान जळालं. त्यानंतर कोरियानं, आणि जुलै २०२५ पासून जपाननंही, पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही, नजरेसमोर ठेवायची असं सांगितलं. तुझी वाट तिकडचीच आहे, तेव्हा आतापासूनच सवय कर. चुकूनसुद्धा ती चेक-इनच्या बॅगेत राहू देऊ नकोस. खाली एक्स-रेमध्ये दिसली की तुझं नाव पुकारतील, आणि तू ओवीला कडेवर घेऊन उलटी पळशील.

बरं, एवढं सगळं केलंस, बॅग सुखरूप जपानच्या नारिता विमानतळावर उतरली, तू बॅटरी आत सरकवलीस. आता तरी बसायचं ना? तर तिथंच जास्त जपायला हवं. ओसाकाचं कान्साई आणि नागोयाचं चुबू या विमानतळांनी प्रवाशांना टर्मिनलमध्ये अशा बॅगांवर बसून फिरू नका म्हणून सांगितलंय. आणि बाहेर रस्त्यावर तर ती जपानच्या कायद्यानं मोटर लावलेली दुचाकीच धरली जाते. म्हणजे लायसन्स, नंबरप्लेट, विमा, हेल्मेट, आरसे, सगळं आलं. बॅगेला आरसे कुठून आणणार? २०२४ मध्ये ओसाकाच्या फूटपाथवर अशा बॅगेवरून जाणाऱ्या एका चिनी विद्यार्थिनीवर पोलिसांनी विनापरवाना वाहन चालवल्याचं प्रकरण पुढे पाठवलं. तिची बॅग ताशी १३ किलोमीटरपर्यंत जायची, आपण सायकलवरून आरामात जातो तेवढीच. पण वेग कमी म्हणून पोलिसांनी सोडलं नाही. नवीन देशात, नवऱ्याच्या व्हिसावर, पहिल्याच आठवड्यात पोलीस चौकी, हे तुला परवडणार आहे का?

शिवाय तिथल्या स्टेशनांवर आणि फूटपाथवर पिवळ्या खडबडीत पट्ट्या असतात, दृष्टिहीन माणसांना काठीनं वाट कळावी म्हणून. आपल्या मेट्रोतही आता दिसतात बघ. त्यावर बॅग घेऊन उभं राहिलं तरी कुणाची तरी वाट अडते, तिथं चालवायची गोष्टच सोड.

आता खरं बोलायचं तर शमा, तुला त्या बॅगेची हौस आहेच, पण धास्ती जास्त आहे. निखिल आधी पुढे जाणार, आणि तू चार वर्षांची पोर, गुडघे धरून चालणारी आई आणि वर्षभराचं सामान घेऊन एकटी विमानात बसणार. ते डोळ्यांसमोर आलं की रात्री झोप उडते, आणि मग माणूस फोनवर काहीतरी यंत्र शोधत बसतो, जे एका फटक्यात सगळं सोडवेल. तसं यंत्र नाही गं. पण तुझ्या तिन्ही कामांना तीन वेगळी उत्तरं आहेत, आणि तिन्ही त्या बॅगेपेक्षा स्वस्त आहेत.

ओवीचं सगळ्यात सोपं. इंग्लंडमध्ये रॉब लॉ नावाच्या माणसानं मुलांसाठी बसायची बॅग काढली, ट्रंकी. २००६ पासून बाजारात आहे. ना मोटर, ना बॅटरी. प्राण्याच्या आकाराचं प्लॅस्टिकचं खोकं, चार चाकं आणि ओढायला पट्टा. वजन १.७ किलो, आत १८ लिटर जागा. ओवी वर बसेल, तू ओढशील, आत तिचीच खेळणी आणि कपडे. ती नसली तरी घडीची छोटी स्ट्रोलर चालेल. बऱ्याच कंपन्या ती विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात, तिकडेच ठेवून घेतात. आणि हो, मोटरच्या बॅगेवर ओवीला पुढ्यात घेऊन बसायचं तू म्हणाली होतीस ना, ते डोक्यातून काढ. त्या बॅगा एकाच माणसासाठी असतात. गुळगुळीत फरशीवर, गर्दीत, पोर पुढ्यात असताना ब्रेक लावायची वेळ आली तर कोण कुणाला धरणार?

सामानाचं तर जपाननं केव्हाच सोडवलंय. १९७६ पासून यामातो कंपनीची घरपोच सामान पोचवायची सेवा तिथं आहे, काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली. विमानतळावर उतरलीस की आगमनाच्या भागात काउंटर असतं. मोठ्या बॅगा तिथं द्यायच्या, टोकियोतल्या निशिकासाईच्या तुमच्या घराचा पत्ता लिहायचा, त्या शक्यतो दुसऱ्या दिवशी दारात येतात. तू हातातल्या पिशवीत फक्त रात्रीपुरतं ठेव : ओवीचे कपडे, आईच्या गोळ्या, चार्जर, दोन दिवसांचं खाणं. निखिलला आत्ताच सांग, पत्ता जपानी लिपीत लिहून पाठव म्हणून. आणि घाबरू नकोस, निशिकासाईत आपल्या लोकांचा वावर भरपूर आहे. २०१९ मध्ये मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक तिथल्याच एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले होते. तुला पोह्यांचं पाकीट कुठं मिळतं हे सांगणारी कुणीतरी बाई आठवड्यात भेटेल.

राहता राहिली आई. तिच्या गुडघ्यांसाठी आधी व्हीलचेअरच. विमान कंपनीनं ती फुकट द्यायची असते, फक्त प्रवासाच्या किमान ४८ तास आधी तिकिटात टाकायची. आमच्याकडे तिकिटात तीन प्रकार टाकतात. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही, त्याला डब्ल्यूसीएचआर. जिनाही चढता येत नाही, त्याला डब्ल्यूसीएचएस. आणि सीटपर्यंत उचलूनच न्यावं लागतं, त्याला डब्ल्यूसीएचसी. आईला पहिला पुरे, असं आपल्याला वाटतं. पण परवा ती जिना चढताना मध्येच थांबली होती ना, मी बघितलंय. कधीकधी विमानाला पूल लागत नाही, बसनं नेऊन शिडी चढवतात. म्हणून मी दुसराच टाकायला सांगेन. सोबतच्या माणसालाही बहुधा त्याच मदतीच्या रांगेतून नेतात, म्हणजे तुझं आणि ओवीचंही काम होतं.

तू म्हणशील, मग बसायची बॅग काय वाईट, तीही गुडघेदुखीसाठीच. तर नियमात तो फरक स्पष्ट आहे. चालता न येणाऱ्या माणसाच्या बॅटरीच्या व्हीलचेअरला मोठी सवलत असते, निघणारी बॅटरी ३०० वॅट-अवरपर्यंतसुद्धा चालते. बॅगेला ती सवलत नाही. आईचे गुडघे कितीही दुखत असले तरी बॅग ही बॅगच. आणि साठी उलटलेल्या बाईला दोन पाय फाकवून, हँडल धरून, पाठीला टेका नसलेल्या खोक्यावर बसवायचं, हे तरी तुला पटतंय का?

आईचा खरा प्रश्न गुडघ्यांचा नाही, चारचौघांचा आहे, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. ‘मी काय पेशंट आहे का?’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतोय. म्हणूनच तुला ती बॅग आवडली असणार. बॅगेवर बसलं की म्हातारपण दिसत नाही, फॅशन दिसते. हुशार आहेस. पण आईला ‘व्हीलचेअर घेऊ का?’ असं विचारूच नकोस. विचारलंस की ती नाहीच म्हणणार. तिला काम दे. तिघींचे पासपोर्ट, बोर्डिंग पास, लेखी उत्तरांचे कागद, सगळं एका पाऊचमध्ये घालून तिच्या गळ्यात अडकव आणि सांग, “आई, हे सांभाळायला एक माणूस बसलेलं हवं, मी ओवीच्या मागे पळणार.” मग बघ. घरातले दागिने जिच्या कपाटात निर्धास्त असतात, ती पासपोर्ट सोडून उठेल का? व्हीलचेअर ढकलणारा मुलगा आला की तिच्यासमोर त्याच्याशी लाजल्यासारखं वागू नकोस. त्याचं नाव विचार, पाणी हवं का विचार. आईचा निम्मा संकोच आपल्याच चेहऱ्यावर असतो.

आणि मदत मागायची तुलाही लाज वाटते, तेही जाता जाता सांगून टाकते. ‘ताई, मी मॅनेज करीन’ असं म्हणतेस आणि मग रात्री अकरा वाजता मोटरच्या बॅगेचे व्हिडिओ पाठवतेस. काउंटरवरच्या मुलीला, व्हीलचेअरवाल्याला, शेजारच्या सीटवरच्या काकूंना सरळ सांग, ‘मी एकटी आहे, जरा मदत करा.’ विमानतळावर कुणी नाही म्हणत नाही.

निखिलला एवढी हौसच असेल तर पुढे कधी तरी घेऊ दे, पुण्याच्या सोसायटीत गेटपर्यंत फिरवायला बरी आहे. या प्रवासाला मात्र ती बॅग नको. तीन साध्या चाकांच्या बॅगा घे, रंग भडक घे, म्हणजे पट्ट्यावर लांबून ओळखता येतील. आईचं जुनं डॉक्टरचं पत्र आणि औषधांची चिठ्ठी स्कॅन करून मला पाठव. आणि तिकीट झालं की लगेच पीएनआर टाक, आईची व्हीलचेअर मी स्वतः टाकते. ते काम मी कुणावर सोडणार नाही.